पत्रिका कुणाच्या घरची?

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला मोबाइल आहे. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे आणि चार्जरपासून दूर गेलो की दुपारपर्यंतही माझ्यात जीव उरत नाही. लालबागच्या एका चाळीत, राधाबाईंच्या घरी, फ्रिजच्या डोक्यावर माझी जागा आहे.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या कामगारांनी मला जोडलं आणि मी दादरच्या दुकानात येऊन पडलो. तिथून मला दर्शनाने, म्हणजे राधाबाईंच्या सुनेने घेतलं. तेव्हा माझं काय कौतुक! ओल्या हाताने मला कुणी शिवायचंही नाही. पुढे तिने नवा फोन घेतला आणि मी सासूबाईंकडे आलो.

राधाबाईंनी मला भरपूर राबवलं. सकाळी भजनं, दुपारी गावच्या मंडळाचे निरोप, संध्याकाळी फणसवाडीच्या नणंदेशी गप्पा. शुभ सकाळच्या फुलांनी माझं पोट तुडुंब भरलं. त्याची तक्रार नाही. मी थकलो तो लिंकांपायी. निळ्या अक्षरांची ती ओळ कुठे नेणार, हे तिच्या पत्त्यात लिहिलेलं असतं. मी तो काचेवर दाखवतो, पण वाचायला थांबतं कोण?

एका दुपारी नणंदेच्या नंबरावरून निरोप आला, 'आमच्याकडे लग्न आहे, पत्रिका इथे पाहा.'

"अगो बाई, भाचीचं जमलं वाटतं!" म्हणत राधाबाईंनी लिंकवर बोट ठेवलं. गणपतीचं सुरेख चित्र उघडलं. पत्रिका दाखवण्याआधी त्या पानाने नंबर मागितला, मग माझ्यावर आलेला कोड मागितला. 'हा कोड कुणालाही देऊ नका' असं मी दाखवत होतो. राधाबाईंनी फक्त आकडे पाहिले आणि टाकले. झालं! त्यांचं निरोपांचं आणि कॉलचं खातं माझ्या हातून निसटलं आणि भलत्याच माणसाकडे गेलं. नणंदेचं खातं तर आधीच चोरीला गेलं होतं.

मग तीच पत्रिका राधाबाईंच्या नावाने चाळभर फिरली. शेजारच्या सुभद्राबाईंनी ती उघडली आणि त्यांचंही खातं गेलं. त्यांचा मुलगा हितेंद्र मालवाहू जहाजावर खलाशी. जहाज बंदराला लागलं की तो त्या खात्यावर आईला कॉल करायचा, दुसरी सोय नव्हती. नेमका त्याच संध्याकाळी त्याचा कॉल यायचा होता. सुभद्राबाई फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या. खातं परत मिळेपर्यंत जहाज पुन्हा खोल समुद्रात गेलं होतं.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"तुझ्या नावाने आली म्हणून उघडली गो. दुसऱ्या कुणाची असती तर हात लावला नसता."

"माका खरंच कळूक नाय गो," राधाबाई म्हणाल्या. पण सुभद्राबाई वळल्या होत्या.

त्यानंतर दोन घरांमधली भाजीची वाटी थांबली. राधाबाईंनी मला हातात घेणंच सोडलं. मी फ्रिजवर धूळ खात पडलो.

शेवटी दर्शनाने मला पुसलं आणि सासूबाईंसमोर ठेवलं. "आई, घाबरून कसं चालेल? लिंक दाबायची नाही, आधी पत्ता वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. पुढची तिरपी रेघ येते ना, तिच्या अगदी आधीचं, डॉट कॉमसकट नाव बघा. ते घरमालकाचं. सुरुवातीला बँकेचं नाव असेल, पण त्या रेघेच्या आधी भलतंच नाव असलं तर ते घर भलत्याचंच."

"मला इंग्रजी पटपट लागत नाही गो."

"मग सावकाश लावा. नाहीच कळलं तर न उघडता त्या माणसालाच फोन करा."

राधाबाईंनी चष्मा चढवला. एकेक अक्षर लावता लावता माझी बॅटरी संपायची, मग चार्जर लावून पुन्हा बसायच्या. मला घेऊन त्या दारोदार गेल्या, "माझ्या नावाने आलेलंसुद्धा बघून उघडा" म्हणून सांगत फिरल्या. काहीजण हसले. सुभद्राबाईंचं दार बंदच राहिलं.

बऱ्याच दिवसांनी भिंतीपलीकडून हितेंद्रचा मोठा आवाज आला, "आये, दिसतंय मी?" राधाबाई कणिक मळता मळता थांबल्या आणि मनगटाने डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात सुभद्राबाई आत आल्या. नजर जमिनीवर, हातात फोन.

"राधा, हितेंद्रच्या कंपनीच्या नावान कायतरी इला. अजून दाबूक नाय. बघ गो, खंय जाता ता."

दोघींची डोकी त्या फोनवर वाकली. अक्षर अक्षर वाचून झालं. रेघेच्या आधीचं नाव कंपनीचं नव्हतं. त्यांनी तो निरोप पुसून टाकला.

"बस," राधाबाई म्हणाल्या, "चाय ठेवतंय."

मित्रांनो, मी आता फार दिवस पुरणार नाही. माझ्या जागी येणारा फोन माझ्यापेक्षा चपळ असेल, पण बोट तुमचंच असेल. नाव कितीही जवळच्या माणसाचं असो, पत्ता वाचून होईपर्यंत त्या बोटाला जरा थांबवा.