रविवारी उघडणारं दार

मी युद्धनौका बोलतेय. जरा आवाज चढवूनच बोलावं लागतंय, कारण वरच्या डेकवर फुगे फोडायची शर्यत लागलीय आणि माझ्या पुढच्या तोफेवर एक कार्टं घोडा घोडा करत बसलंय. त्याची आई खालून फोटो काढतेय. "हस ना राजा, दात दिसू देत." त्या तोफेनं काय काय केलंय ते राजाला सांगितलं तर राजा अंथरूण ओलं करील. पण मला कोण विचारतं.

मला बांधलं ते माणसं मारायला. यात लाजायचं काय? सुरी कापते, मी बुडवते. गोदीत माझं पोट जोडलं तेव्हा, रंग लागण्याआधी, कामगारांनी आतल्या पत्र्यावर खडूनं हवं ते लिहून घेतलं. कुणी मुकादमाला शिव्या लिहिल्या, कुणी बायकोचं नाव. ते सगळं रंगाखाली अजून आहे. संग्रहालयवाल्यांना पत्ता नाही, नाहीतर त्याचंही तिकीट लावलं असतं.

माझं पोट कप्प्याकप्प्यांचं आहे. प्रत्येक कप्प्याला जाड लोखंडी दार, दाराला चाक. एका कप्प्यात पाणी शिरलं की त्याचं दार लावायचं आणि चाक आवळायचं. आत कोण आहे ते विचारायचं नाही. विचारत बसलं तर पाणी दुसऱ्या कप्प्यात येतं, मग तिसऱ्या, आणि मग विचारणाराही उरत नाही. माझ्यावर पहिल्या दिवशी आलेल्या पोरसवदा खलाशालाही आधी हेच शिकवत. जेवायला कुठं बसायचं ते नंतर.

लढाईत मला एकदाच लागलं. पाण्याखाली, बॉयलर रूमच्या अंगाला. भोंगा झाला, हुकूम आला, चाक फिरलं. आत राहिले ते राहिले. त्यांनी आतून बराच वेळ दार ठोठावलं. दार बंद राहिलं म्हणून मी तरंगत राहिले, आणि मी तरंगले म्हणून वरचे सगळे घरी गेले, त्यांची लग्नं झाली, पोरं झाली. मला पश्चात्ताप नाही. ज्याला होतो त्यानं माझ्या जागी तरंगून दाखवावं.

म्हातारी झाले तशी मला भंगारात काढायची म्हणाले, मग संग्रहालय करायची म्हणाले. आधी कुत्रंही फिरकत नव्हतं. मग कार्यक्रमवाल्या बाई आल्या. हुशार बाई, हसरी, पायात कॅनव्हासचे बूट. "सगळ्या कुटुंबाला आवडेल असं काहीतरी हवं," म्हणाल्या, आणि माझा कायापालट केला. पाणसुरुंग ठेवायची खोली वाढदिवसांना भाड्यानं जाऊ लागली. जखमींना निजवायच्या खोलीत मुलांचे चेहरे रंगवतात. तिथं लाल रंग सगळ्यात आधी संपतो. आणि एक भाड्याचा कप्तान ठेवला, डिंकानं चिकटवलेल्या दाढीचा, गळ्यात शिट्टी.

याच बाईंनी एकदा मेलेल्यांच्या घरच्यांना चहाला बोलावलं. आले थोडेच. त्यात एक म्हातारी होती, बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याची बायको. ताठ बसली होती, बशीतलं बिस्कीट न खाता. बाईंनी तिच्यासमोर आवाज भरून घ्यायचं यंत्र ठेवलं.

"बोला आजी. काहीही. जे आठवेल ते."

"काहीही कशाला बोलू? विचारा, सांगते."

बाईंनी विचारलं आणि तिनं सांगितलं. लग्न नवं होतं. जिन्याखालच्या भाड्याच्या खोलीत राहत होते. नवरा बोटीवरून भलत्या वेळी परतायचा आणि त्या गल्लीत दार वाजवणारे दारुडे काही कमी नव्हते. म्हणून त्यानं खूण ठरवली: दोन सावकाश, तीन भराभर. ती ऐकली की कडी काढायची, नाहीतर बापाचा आवाज आला तरी काढायची नाही.

"आणि त्या दिवशी?" बाईंनी हळूच विचारलं.

"त्या दिवशी इथलं दार ज्यानं लावलं, तो यांचाच जोडीदार. नंतर घरी आला होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, वहिनी, आतून सगळेच ठोठावत होते, पण शेवटी एकच राहिला. दोन सावकाश, तीन भराभर." तिनं टेबलावर बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. "मी म्हटलं, मग ते माझ्यासाठी होतं. तुम्ही नाही उघडलंत ते बरोबरच."

खरं सांगतेय ती. मी ऐकलंय ते, आतून आणि बाहेरूनही. बाईंचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते पाणी. तेवढं श्रेय मी त्यांना देते.

मग त्याच डोळे पुसलेल्या बाईंनी नवा खेळ काढला. 'दार राखा'. मुलांना बॉयलर रूमच्या दाराबाहेर बसवायचं, लाल दिवा लावायचा. आतल्या स्पीकरवर आधी पाण्याचा आवाज, मग ठोठावणं. जो घाबरून, नाहीतर दया येऊन चाकाला हात लावील तो बाद, आणि जहाज बुडालं. शिट्टी होईपर्यंत कुणीच हात लावला नाही तर सगळ्यांना आइस्क्रीम. दाराचं चाक तेल घालून इतकं हलकं केलं की पोराच्या हातानंही फिरावं. दयेची परीक्षा घ्यायची तर उघडणं सोपं हवं ना. आणि आतलं ठोठावणं कुठलं लावलं, ते मी सांगायला नको.

पुढच्या एका रविवारी आगवाल्याची बायको आली, लेक आणि नातीबरोबर. लेकीनंच ओढून आणलं होतं.

"आई, पास फुकट आलाय. बाबांचं जहाज आहे, चिऊला बघू दे की."

"बघायला काय आहे तिथं? लोखंड."

"मग लोखंड बघ. घरात बसून तरी काय करतेस? माझ्या भाजीत खोड्या काढतेस."

म्हातारी हसली आणि आली. चिऊ खेळाला बसली, लेक मोबाईलमध्ये, ही मागच्या भिंतीला टेकून उभी. लाल दिवा लागला. पाणी आलं. भाड्याचा कप्तान दाढी दाबत कुजबुजला, "मित्रांनो, आत आपलीच माणसं आहेत. पण दार उघडायचं नाही. का?"

"जहाज बुडेल," पोरं एका सुरात.

मग ती टकटक झाली.

काही लोक म्हणतात, तिनं मुद्दाम खेळ मोडला. लेकीलाही तसंच वाटलं. मी तिथं होते. त्या बाईनं विचारसुद्धा केला नाही. हात पुढं गेला, तसाच, जसा त्या जिन्याखालच्या खोलीत जात असेल. पोरांच्या मधून पाय टाकत ती दारापाशी आली, चाक फिरवलं आणि दार उघडलं. आत काळा स्पीकर होता, झाडू आणि पुसायची बादली.

शिट्टी वाजली. "जहाज बुडालं," कप्तान ओरडला, "आजी बाद." पोरांनी अशी हुर्यो केली की माझे पत्रे थरथरले. आणि चिऊ, रडकुंडीला येऊन, सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, तुझ्यामुळे आम्ही सगळे मेलो. आता आइस्क्रीम पण नाही."

म्हातारी बादलीकडे बघत राहिली. लेकीनं दंड धरून तिला वर नेलं.

दुसऱ्याच दिवशी ती एकटी आली आणि बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"ती टकटक काढा."

"आजी, तो तुमच्याच आठवणींचा मान आहे. आम्ही दारावर पाटीसुद्धा लावलीय."

"पाटी राहू द्या. खेळही राहू द्या, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पोरांना दुसरं काहीही ठोठावून दाखवा. ते तेवढं माझं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू? दुसऱ्या आवाजाला मुलं घाबरत नाहीत. आम्ही करून पाहिलंय." आणि चेहरा उजळत, "पण एक सुचतंय. काल तुम्ही दार उघडलंत ना, त्याला जो प्रतिसाद मिळाला, तसा कशालाच मिळाला नव्हता. दर रविवारी याल? फक्त तेवढंच करायचं. चाक फिरवायचं, दार उघडायचं. येण्याजाण्याचं आम्ही बघू."

मला वाटलं, आता ही बाईंच्या थोबाडीत देणार. मी असते तर तोफ फिरवली असती.

म्हातारीनं विचारलं, "दर रविवारी?"

"दर रविवारी."

"आणि मी नसेन त्या दिवशी टकटक वाजवायची नाही."

"कबूल," बाई म्हणाल्या.

लेक घरी खूप बोलली म्हणे. इथं येऊनही बोलली, जेट्टीवर, लोकांसमोर. "पोरं हसतात तुला, आई. हुर्यो करतात. तुला काही वाटत नाही?" म्हातारीनं चपलेतला खडा झाडला आणि म्हणाली, "तू तुझ्या नवऱ्याला दार उघडतेस तेव्हा शेजारी काय म्हणतात ते ऐकत बसतेस का?" आणि जिना चढून वर आली.

आता ती दर रविवारी येते. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले. पोरांच्या मागं उभी राहते. टकटक झाली की पुढं येते, चाक फिरवते, दार उघडते, आणि शिट्टी वाजायच्या आत बादलीकडे बघून हळूच म्हणते, "या." एवढंच. मग हुर्यो. आजी बाद. जहाज बुडालं. बाई टाळ्या वाजवतात, तिकिटं पुढच्या महिन्यापर्यंत संपलेली असतात.

मी मात्र बुडत नाही. माझ्या तळाखाली काँक्रीट ओतलंय. पाण्यात दिसते तेवढीच, बाकी मी जमिनीवर बसलेय. माझी सगळी दारं सताड उघडली तरी एक थेंब आत यायचा नाही. म्हणजे ते दार आता कुणीही उघडू शकतं, पोर असो की म्हातारी. ज्या दिवशी उघडायचं नव्हतं त्या दिवशी ते बंद राहिलं, आणि मी अजूनही म्हणते, बरोबर झालं.

तुम्ही पोरांना घेऊन याल, ते मला ठाऊक आहे. या. तोफेवर बसवा, चेहरे रंगवून घ्या. फक्त खाली दारापाशी तिच्यावर हुर्यो झाली की तुमच्या पोराचं तोंड दाबू नका. मोठ्यानं करू दे. तिला ती ऐकू येत नाही, आणि गोंगाट शमेपर्यंत दार कुणी लावत नाही, तेवढा आणखी थोडा वेळ ती उंबऱ्यावर उभी राहू शकते.