तिचं म्हणणं

बाईनं वकीलबाईंच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि दुभाष्याच्या तोंडावर हाणला. तो खुर्चीसकट मागं कोसळला. तिनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि पुन्हा हाणला. सगळं एका उजव्या हातानं. डावा, ती कामाला होती त्या लाँड्रीच्या मालकानं तापलेल्या प्रेसमध्ये दाबून धरला होता. त्या हाताला बोटं उरलीच नव्हती.

"अगं सोड! मेला तर दुसरा कुठून आणू मी?" वकीलबाई तिच्या कमरेला मिठी घालून ओरडल्या.

खोटं काय होतं त्यात? अम्हारिक या तिच्या भाषेतला नोकरीचा करार इंग्रजीत करून देणारा माणूस शोधता शोधता त्यांच्या नाकी नऊ आले होते. तीन आठवडे! विद्यापीठानं हात वर केले, भाषांतराच्या कंपन्यांनी फोन उचलले नाहीत. शेवटी हा एकच हाती लागला, आणि कोर्टाची मुदत उद्या संपत होती. भाषांतर नाही तर दावा नाही. मालक मोकळा.

बाई किंचाळत होती. वकीलबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काय म्हणतेय ती?"

दुभाष्यानं तुटलेला दात तळहातावर थुंकला. "मला दुसराच कुणीतरी समजतेय."

"एवढं बोलली आणि अर्थ इतकाच?"

तिचा तो डावा हात त्याच्या तोंडासमोरच होता. त्यानं मान वळवली, पुन्हा पाहिलं, आणि ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

"म्हणतेय, हाच तो नोकरी लावून देणारा एजंट. मला वाचता येत नाही, अंगठा उठवण्याआधी यानंच मला करार वाचून दाखवला. पाच वर्षं सुटका नाही, म्हणाला. तिसऱ्या वर्षी मी पळाले. मालकानं पकडून आणलं आणि हात..."

"आणि करारात काय लिहिलंय?"

"दोन वर्षं. मग ती कुठंही जायला मोकळी."

वकीलबाईंनी मिठी सोडली आणि त्याच्या अशी कानाखाली वाजवली की त्यांचाच हात झिणझिणला. मग त्यांनी बाईला बाजूला घेतलं आणि पडलेली खुर्ची उभी केली.

"बसा. आधी हे तिला सांगा."

त्यानं तिच्या भाषेत सांगितलं. बाईच्या हातातला पेपरवेट खाली आला. मग ती हळू आवाजात एकच वाक्य बोलली.

"आता काय म्हणाली?"

"म्हणाली, हा माणूस सांगेल त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवू नका."

वकीलबाईंनी त्याच्यापुढं पेन सरकवलं.

"तेही लिहा."