मैद्याचं माप

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मिल टेकडीच्या निम्म्या चढावर सालो नवराबायकोची गाडी थांबली. थांबली म्हणजे थांबवावी लागली. वरून उतरणारी एक उंच जीप रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, तिची काच खाली गेली आणि लोकरी टोपीतल्या एका तरुणानं अदबीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना, काही मदत हवी का?

व्हर्ना सालोनं दात आवळले. बर्फाच्या दिवसांत या टेकडीवर चढत्या गाडीला कुणी अडवत नाही. उतरणारा माथ्यावर थांबतो, दिव्यांची दोनदा उघडझाप करतो आणि खालचा वर येईपर्यंत वाट बघतो. याची पाटी कुठं नाही, पण लहान मुलांनाही ते ठाऊक असतं. हा तरुण गेल्या उन्हाळ्यातच सरोवराकाठी राहायला आलेला होता. त्याच्या जीपची चारही चाकं गाडी ओढत होती. व्हर्नाच्या गाडीची फक्त मागची दोन, आणि वेग मोडला की तीही जागच्या जागी गरगरत.

हवीय मदत, असं ती म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. पण शेजारच्या सीटवरून टोइमी तिच्या पुढ्यात वाकला आणि म्हणाला, "आम्ही ठीक आहोत. तुम्ही निघा."

तरुण हसला, हात हलवला आणि गेला. त्याचे तांबडे दिवे खालच्या वळणावर दिसेनासे झाले.

"ठीक?" व्हर्ना म्हणाली. "यातलं नेमकं काय ठीक आहे?"

"नवा माणूस आहे. त्याला कशाला घोळात घ्यायचं."

"टोइमी, आज पाच दिवस झाले तुला."

 पाच दिवस म्हणजे डायलिसिस होऊन पाच दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे त्याचे वार होते, टेकडीपलीकडे अठरा मैलांवर, पोर्ट एल्डनच्या केंद्रात. शुक्रवारी वादळानं रस्ता बंद झाला आणि तो वार चुकला. लागोपाठ दोन चुकवू नका, असं डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. टोइमीचे घोटे इतके सुजले होते की बुटांचे बंद मोकळेच सोडले होते. काल रात्री आडवं पडलं की दम लागत होता, म्हणून तो खुर्चीतच बसून झोपला. आजची त्याची वेळ पावणेआठची होती. सव्वाआठपर्यंत जागा राखून ठेवत, त्यानंतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाई. रुग्णांची गाडी टेकडीच्या या बाजूला येत नसे आणि फोनही माथ्याशिवाय कुठं लागत नसे.

व्हर्नानं दुसरा गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. मागची चाकं फिरली, गाडी हलली नाही. खालून नुसता सुईंऽ असा आवाज आला.

"रेस कमी," टोइमी म्हणाला.

"कमीच आहे."

"आणखी कमी. फिरवलीस की खालचा बर्फ काचेसारखा होतो."

"झालाय आधीच."

मग उलटा गिअर टाकून, मान मागं वळवून, ब्रेकला पाय न लावता तिनं गाडी पायथ्यापर्यंत उतरवली. पुन्हा सपाटीवरून वेग घेतला, पुन्हा चढ पकडला. मघाच्याच जागी गाडीचं मागचं अंग डावीकडं सरकलं, चाकं सुटली आणि गाडी थांबली. सात वाजून बावीस मिनिटं झाली होती.

ही गाडी टोइमीनं चाळिशीत घेतली होती आणि आता तो पंचाहत्तरीचा होता. पुढच्या चाकांवर चालणारी घ्या, ऑटोमॅटिक घ्या, असं मुलगी चार हिवाळे सांगत होती. टोइमीचं उत्तर ठरलेलं असायचं. त्यानं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक एकतीस वर्षं चालवला होता, तोही मागच्याच चाकांवर, आणि ही टेकडी त्याच्या हद्दीत होती. त्याच्या काळात सकाळी सहाला इथं बर्फ खरवडणारं पातं फिरलेलं असे आणि मागून वाळू पडलेली असे. आता दोन हद्दी एकत्र झाल्या होत्या आणि ट्रक नऊला येई. व्हर्नाला या गाडीचा मनापासून राग होता. क्लच गुडघा दुखवायचा, हीटर नाकाला गरम वारा द्यायचा आणि पायाला थंड, आणि वर शेजारी एकतीस वर्षांचा अनुभव बसलेला असायचा.

"असं कसं होतंय पण?" पायथ्याशी गाडी सपाटीवर घेत ती म्हणाली. "गेल्या वर्षी याहून जास्त बर्फ होता. तेव्हा चढत होती. डिकीत वाळू आहे ना?"

"आहे."

"चार पोती?"

"आहे म्हटलं ना."

दरवर्षी नोव्हेंबरात साठ साठ पौंडांची, म्हणजे सत्तावीस सत्तावीस किलोंची, चार पोती डिकीत आडवी टाकायची, म्हणजे मागची चाकं जमीन धरतात. हे काम टोइमीचं. व्हर्नानं ते कधी तपासलं नव्हतं. जन्मभर रस्त्यावर वाळू टाकलेल्या माणसाला वाळूबद्दल काय विचारायचं? पण त्यानं "आहे" दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना खिडकीबाहेर बघितलं. इंजिन चालू ठेवून ती खाली उतरली. हँडब्रेक ओढला नाही. या थंडीत तो गोठून बसतो.

डिकीत एकच पोतं होतं. तेही अर्धं. तोंड सुरीनं कापलेलं, आणि आत वाळूत रुतलेलं तिचं मैद्याचं माप.

ते लांब दांड्याचं पत्र्याचं माप होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सव्वीस वर्षं ब्रेड भाजले, निवृत्त होताना हे माप घरी आणलं. नोव्हेंबरात ते हरवलं. तिनं सगळी कपाटं उपसली, मुलीला फोनवर विचारलं, वय झालं म्हणून स्वतःलाच बोल लावला. टोइमी तेव्हा टेबलाशी कॉफी पीत बसला होता. सापडेल, म्हणाला होता.

व्हर्ना तशीच उभी राहिली. गराजच्या मागच्या भिंतीशी ती चार पोती अजून असणार, त्यातलं एक अर्धं झालेलं. त्याला ती उचलवली नाहीत. दुकानातल्या माणसाला किंवा शेजाऱ्याला एक शब्द टाकायचा, तर तेही नाही. पोतं फोडून, मापामापानं वाळू डिकीतल्या या जुन्या पोत्यात नेऊन, गराज आणि अंगण यांच्यामध्ये तो किती फेऱ्या मारत राहिला असेल, आणि अर्धं पोतं झाल्यावर कुठं थांबला असेल?

तिला चीड आली होती, आणि ती कुणावर काढायची ते कळत नव्हतं. पोतं ओढत तिनं कडेला आणलं. टोइमीनं काच खाली केली.

"मापाचं मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी? एप्रिलमध्ये?"

"बर्फ वितळला की."

ती हसली नाही. अर्ध्या पोत्याचं करायचं काय, एवढंच आता उरलं होतं. डिकीत ठेवावं तर वजन पुरत नव्हतं. रस्त्यावर टाकावं तर डिकी रिकामी होत होती. टोइमीनं थोडा दम घेऊन मत दिलं. वाळू रस्त्यावर टाक, चाकाच्या दोन रेघांवर, गाडी सुटते तिथून पुढं चाळीस पावलं. आणि वजन म्हणून मी डिकीत बसतो. डेपोत असताना रिकामा ट्रक घसरायला लागला की पोरं त्याला मागं बसवत. तेव्हा तो दोनशे तीस पौंडांचा, शंभर किलोंच्या वर होता.

"नवरा डिकीत घालून मी पोर्ट एल्डनला जाणार नाही," व्हर्ना म्हणाली.

"मग मागच्या सीटवर. चाकांच्या बरोबर वर. पाच दिवसांचं पाणी आहे अंगात. इतका वजनदार मी पुन्हा व्हायचा नाही."

 तिनं त्याला बखोटीला धरून मागच्या सीटवर बसवलं. पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंतच्या त्या दोन हातांच्या अंतरात त्याला दोनदा थांबावं लागलं.

मग पोतं ओढत ती चढ चढली. झुंजूमुंजू झालं होतं. वाळू ओलसर होती, पण गोठली नव्हती. दांडा धरून, मनगट हलवत तिनं ती पसरायला सुरुवात केली. खालून, खिडकीतून डोकं काढून टोइमी ओरडत होता, "दाट नको. पातळ टाक. वळणावर जास्त."

तिला सांगायची गरज नव्हती. ओट्यावर मैदा भुरभुरावा तशी ती वाळू पडत होती, कुठं ढीग नाही, कुठं मोकळी जागा नाही. डावी रेघ संपल्यावर ती उजवीला आली. शेवटची दोन मापं वळणावर रिकामी केली, पोतं झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि रस्त्याकडेच्या कठड्याला धरत उतरली. गुडघा ठणकत होता. सात पन्नास.

गाडीत बसून तिनं आरसा नीट केला. आरशात टोइमी सीटच्या मधोमध बसला होता, दोन्ही हात सीटवर रोवून, जणू स्वतःला खाली दाबत होता.

"आता बोलू नकोस," ती म्हणाली.

सपाटीवरून दुसऱ्या गिअरात वेग घेतला. पाय हलवला नाही, ब्रेककडे बघितलं नाही. मघाच्या जागी मागचं अंग पुन्हा डावीकडं गेलं. तिनं स्टेअरिंग डावीकडंच दिलं आणि रेस तेवढीच ठेवली. चाकांखाली काहीतरी करकरलं. वाळू. गाडी सरळ झाली. वळणावर आणखी एकदा हलली, मग माथ्यावरची टपालपेटी दिसली.

माथ्यावर तिनं गाडी थांबवली आणि केंद्राला फोन लावला. येतोय, म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की रस्त्याची अडचण सगळ्यांनाच असते, सव्वाआठनंतर जागा धरता येत नाही. आठ वाजून तीन मिनिटं झाली होती. पुढं अठरा मैल.

आठ चौतीसला ती दोघं केंद्रात पोचली. त्याची सहा नंबरची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली होती. जॉयस नावाची नर्स वाईट वाटून म्हणाली की दुसऱ्या पाळीत कुणी आलं नाही तर बघू, नाहीतर बुधवारी. तोवर वजन तरी करून घेऊ या.

टोइमी काट्यावर चढला. कोट काढल्यावर शर्टाच्या कॉलरमधून त्याची मान फार बारीक दिसली. आकडे थोडा वेळ हलले आणि थांबले. सहासष्ट पूर्णांक चार दशांश किलो. त्यातले सहा पाण्याचे. वाळूची अडीच पोतीही भरली नाहीत.

"रस्ता कसा होता, मिस्टर सालो?" जॉयसनं लिहिता लिहिता विचारलं.

"ठीक होता," टोइमी म्हणाला.

"ठीक नव्हता," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि हाही ठीक नाही. पाच दिवस झालेत. रात्री याला आडवं पडता येत नाही. हा सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय."

जॉयसनं पेन खाली ठेवलं. टोइमीकडं बघितलं. टोइमीनं आपल्या उघड्या बुटांकडं बघितलं, आणि होकारार्थी मान हलवली.

नर्स डॉक्टरांना फोन करायला आत गेली. ती दोघं दाराशेजारच्या बाकावर बसली. व्हर्नानं हातमोजा काढायला कोटाच्या खिशात हात घातला, तर तिथं माप होतं. ते कधी खिशात टाकलं, तिला आठवत नव्हतं. टोइमीनं ते तिच्या हातातून घेतलं, कडेला चिकटलेली वाळू अंगठ्यानं पुसली आणि मांडीवर धरून ठेवलं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. आतला फोन अजून चालू होता.