उजवा केलेला हात

आमच्या दफ्तरखान्याच्या जिन्यात एक फोटो टांगलेला होता. सत्तावीस वर्षं मी त्याची धूळ पुसली, आणि इतकी वर्षं तो माझ्याशी खोटं बोलत होता हे मला कळलं नाही. जुन्या कागदांतली मोठी जाणकार म्हणवून घेत होते मी!

फोटो १९५० च्या हरताळातला. तेव्हा आम्ही घाना नव्हतो, गोल्ड कोस्ट होतो. साल्टपाँडच्या सरकारी कचेरीसमोर धुरावर मासळी सुकवणाऱ्या बायकांचा घोळका, पायऱ्यांवर गोरा साहेब, आणि सगळ्यांच्या पुढे एक तरुण बाई उजवा हात वर करून ओरडतेय. खाली चिठ्ठी: ‘मोर्चातील एक स्त्री. नाव माहीत नाही.’

तो छापला होता अन्सामामांनी, १९६७ साली, स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली तेव्हा. मामा म्हणजे आमच्या काळोख्या खोलीचे राजे. लाल दिव्याखाली उभं राहून मला त्यांनीच फोटो छापायला शिकवलं. रसायनाचा तो आंबट वास, खिडकीत भाजलेली केळी आणि शेंगदाण्यांची पुडी, आणि “अराबा, फोटोला हात लावण्याआधी बोटं पूस, नाहीतर स्वातंत्र्यावर तेलाचे डाग पडतील,” असं त्यांचं रोजचं बोलणं. आता तिथे सगळं संगणकावर आहे. स्वच्छ आहे, झटपट आहे, आणि मला अजिबात करमत नाही.

स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाची, म्हणजे २००७ ची गोष्ट. एका मंगळवारी एसीमावशी काठी टेकत जिना चढून आली, मागे तिचा भाचा कोबिना, शाळेचा हेडमास्तर. मावशीची थोरली बहीण एकुआ वारली होती. कोबिना तिचा मुलगा. शनिवारी माती होती, आणि अंत्ययात्रेचं मोठं पोस्टर गुरुवारी छापायला जाणार होतं.

“पोरी,” मावशी म्हणाली, “माझ्या बहिणीचा हरताळातला फोटो तुमच्याकडे आहे म्हणतात. तिनं साहेबाला डावा हात दाखवला होता.”

“मावशी, पुरे आता,” कोबिना म्हणाला.

“का पुरे? खरं आहे ते! त्या गोऱ्याला काय कळतंय डावं-उजवं? त्याला वाटलं नमस्कारच केला. तोही हात हलवून हसला! मग आपल्याच शिपायानं त्याच्या कानात सांगितलं, की साहेब, डावा हात म्हणजे आईबापावरून शिवी. तेव्हा कुठे मेला लाल झाला. तीन आठवडे तुरुंगात होती माझी एकुआ.”

कोबिना माझ्याकडे वळला. “बाई, मी लहानपणी डावखुरा होतो. माझा डावा हात माझ्या आईनंच फडक्यानं कमरेला बांधून ठेवला, वर्षभर. डाव्या हातानं पाण्याचा पेला दिला तर थोबाडीत बसायची. ती भर रस्त्यात डावा हात दाखवेल? हिच्या गप्पा मी पोस्टरवर छापू? आईचा मतदार ओळखपत्रावरचा फोटो आहे, तोच देणार.”

“त्या फोटोत ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते!” मावशी म्हणाली.

मी त्यांना जिन्यातल्या फोटोपाशी नेलं. मावशी नाक काचेला लागेपर्यंत पुढे वाकली. बराच वेळ बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

“नाही गं. चेहरा तिचाच वाटतो, पण ही नाही. हिचा हात उजवा आहे. आणि एकुआच्या डाव्या गालावर व्रण होता, आईची आधीची दोन मुलं गेली, म्हणून ही तरी जगावी यासाठी दाईनं जन्मताच दिलेला. हिच्या उजव्या गालावर आहे.”

“बघ,” कोबिना म्हणाला, पण हळू आवाजात. जिंकल्याचा आनंद त्यालाही झाला नव्हता.

मावशी एक एक पायरी उतरत गेली. ही गोष्ट सांगणारं आता तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं, आणि आता तिला स्वतःलाच शंका यायला लागली होती. मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा फोटोपाशी आले, आणि पहिल्यांदाच बाईऐवजी साहेबाकडे पाहिलं. त्याचं घड्याळ उजव्या मनगटावर होतं. सदऱ्याची बटणं बायकांच्या बाजूला.

मी धावत जाऊन लोखंडी कपाटातली मूळ फिल्म काढली. काठावरचे आकडे सरळ वाचता येतील अशी खिडकीपाशी धरली. बाईचा डावा हात वर होता.

अन्सामामा तेव्हा ब्याऐंशीचे. मी तडक त्यांच्या घरी गेले, तर अंगणात झाडाखाली बसून मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा खात होते. मी फोटो आणि फिल्म त्यांच्यासमोर ठेवली.

“मामा, ही फिल्म उलटी घालून छापलीत?”

त्यांनी घास खाली ठेवला. “सत्तावीस वर्षं लागली तुला?”

“चुकून झालं?”

“मी आणि चुकून? वेडी आहेस का! मंत्री येणार होते, पाद्री येणार होते, शाळेची पोरं येणार होती. सरकारी भिंतीवर डावा हात दाखवणारी बाई टांगू? लोक म्हणाले असते, स्वातंत्र्य आलं आणि लाज गेली. मी तिची अब्रू राखली, अराबा.”

“तिनं त्या हातासाठी तीन आठवडे तुरुंग भोगला, मामा. तिची बहीण आत्ता जिना उतरून गेली. स्वतःलाच खोटी समजून.”

 मामा उठले, हात धुतले, नीट पुसले. “काळोख्या खोलीची किल्ली अजून तुझ्याकडेच आहे ना?”

बुधवारी सकाळी आम्ही मावशीला आणि कोबिनाला बोलावलं. लाल दिवा लावला. मामांनी फिल्म एकदाच आणि बरोबर बसवली. रसायनात कागद हलत होता. आधी पायऱ्या आल्या, मग साहेब, मग घोळका. शेवटी ती आली, डाव्या गालावर व्रण आणि डावा हात वर. बाईला इतका आनंद झाला होता की तो फोटोत मावत नव्हता.

“एकुआ,” मावशी म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले, नाही कशाला म्हणू.

मामा म्हणाले, “मावशी, दोष माझा आहे.”

“तुझाच आहे, म्हाताऱ्या,” मावशी नाक पुसत म्हणाली. “शनिवारी जेवायला ये.”

 कोबिना ओल्या कागदाकडे बघत राहिला. जाताना एवढंच म्हणाला, “माझा हात तिनं का बांधला असेल, आता कळतंय. या हातापायी काय भोगावं लागतं, ते तिला ठाऊक होतं.”

गुरुवारी पोस्टर छापलं गेलं ते याच फोटोचं. शनिवारी चौकात ते बघून म्हाताऱ्या बायका आधी दचकायच्या, मग पोट धरून हसायच्या. काळ्या-तांबड्या कापडांतले पाहुणे रांगेत उजवीकडून हात मिळवत आले. सगळे रीतीप्रमाणे उजवा हात देत होते.

दुपारी पेटी खड्ड्यात उतरवली. आधी मुलानं माती टाकायची. कोबिना पुढे झाला, वाकला, मूठ भरली. शेजारी उभ्या असलेल्या, कुटुंबातल्या वडीलधाऱ्या काकांनी घाईनं त्याची बाही ओढली.

“मास्तर, हात चुकला. डावा आहे.”

“माहीत आहे, काका,” कोबिना म्हणाला, आणि माती टाकली.