माझा दुसरा उजवा हात

आधी माझा उजवा हात बघा, मग मी कोण ते सांगतो. डावा हात कसा निळाशार, गुळगुळीत. उजव्यावर जागोजागी पांढरे चट्टे, आणि कोपराशी एक चांगला लांब ओरखडा. घरी येणारे पाहुणे म्हणतात, अरेरे, एवढा छान रोबोट, पण हात बिघडलाय. बिघडलेला नाही हो. माझ्या अंगावर मोलाचं काही असेल तर तो हा हातच. आणि तोसुद्धा माझा दुसरा उजवा हात आहे. पहिल्याचं काय झालं ते ओघानं येईलच.

मी प्लास्टिकचा. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये माझा थोरला भाऊ डोंगराएवढा आहे, डोक्याला दोन शिंगं, पाठीला पंख, आणि त्याच्या पोटात बसून एक पोरगी त्याला चालवते. मी आपला वीतभर. जपानातल्या शिझुओका गावच्या कारखान्यात पोलादाच्या साच्यात तापलेलं प्लास्टिक ओतलं आणि मी जन्मलो. जन्मलो म्हणजे काय, बोटं वेगळी, गुडघे वेगळे, शिंगं वेगळी. वेलीला शेंगा लागाव्यात तसे सगळे अवयव चौकटींना लागलेले. अशा अकरा चौकटी अकरा पिशव्यांत, आणि पिशव्या एका खोक्यात. खोक्यावर तलवार उगारलेलं माझं चित्र, आणि आत सगळा खुळखुळाट.

स्टेशनजवळच्या खेळण्यांच्या दुकानातून मला उचललं ते तोकुजीनं. वय पंच्याहत्तर, भिंतींना गिलावा करण्यात हयात गेलेली. डोंगरावर चहाची पहिली खुडणी नुकतीच उरकली होती, हवेत भाजल्या पानांचा वास होता. म्हाताऱ्यानं मला सायकलच्या टोपलीत घातलं आणि घरी जाऊन बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

बायको हात्सुए. तिनं डाव्या हातानं खोकं तोललं, एकदा हलवलं आणि म्हणाली, "अकरा पिशव्या. एकही कमी नाही."

न उघडता सांगितलं. माझी छातीच भरून आली, म्हणजे पुढे जिथं छाती बसायची होती ती जागा. मग कळलं, बाईनं अठ्ठावीस वर्षं याच कारखान्यात पिशव्या खोक्यात भरल्या होत्या. वजनावरून तिला कळायचं काय राहिलंय ते. हजारो खोकी तिच्या हाताखालून गेली, पण स्वतः एकही रोबोट जोडला नाही. हलवायाला मिठाईची कसली हौस.

आता जोडायची वेळ आली ती वेगळ्याच कारणानं. आदल्या शरद ऋतूत तिला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसून बसला. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईनं लाकडी मणी दिले, दोऱ्यात ओवायला. हात्सुएनं ते परत केले. म्हणाली, मी काय तीन वर्षांची आहे? जेवायच्या काड्या बोटांत ठरेनात, म्हणून चमच्यानं जेवायची, तेही स्वयंपाकघरात एकटी, सगळ्यांच्या आधी. नव्या वर्षाला लेक मिनाको नवऱ्याला घेऊन आली, तर ही सर्दीचं निमित्त करून खोलीत पडून राहिली. सर्दीबिर्दी काही नव्हती. पोरीपुढे चमच्यानं जेवायची लाज.

म्हणून तोकुजीनं मला आणलं होतं. आणि मला टेबलावर मांडल्यावर तिनं नवऱ्याला बजावलं, "येत्या नव्या वर्षाला पंगतीत बसून काड्यांनी जेवले तर जेवले. नाहीतर पुन्हा खोलीत. ऐकताय ना?"

अहो, मी शिंगंवाला लढवय्या, पण असली लढाई माझ्या खोक्यावर लिहिलेली नव्हती.

कामाची वाटणी ठरली. डोकं, धड, पाय आणि डावा हात तोकुजीनं जोडायचा, उजवा हात तिनं, तिच्या उजव्या हातानं. मला चौकटीतून सोडवायची एक रीत आहे. बारीक कटरनं आधी जरा लांबून कापायचं, मग उरलेलं खोड अगदी लगत कापायचं. एकदमच लगत कापायला गेलं की प्लास्टिक ताणलं जातं आणि निळ्या अंगावर पांढरा चट्टा उठतो, तो कायमचा. हात्सुएच्या बोटांत दोनदा कापण्याइतका दम कुठला? एक तुकडा सुटायला सकाळ जायची. कटर निसटायचं, तुकडा उडून भाताच्या कुकरमागे जायचा, मग तोकुजी गुडघ्यावर रांगत तो शोधायचा. ती म्हणायची, बरं झालं, तुमच्याही गुडघ्यांना व्यायाम. एकदा माझा अंगठा तीन दिवस सापडला नाही, तो शेवटी त्याच्याच मोज्यात निघाला.

उन्हाळाभर हेच. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या मनगटावर पडायचा. नऊ तुकड्यांचा तो हात तिनं पुरा केला, पण कोपर काही नीट बसेना. जोर कमी पडायचा, सांधा अर्धाच दाबला जायचा, आणि मला उचललं की हात गळून पडायचा.

आता तोकुजीचं ऐका. माणूस सोन्यासारखा, पण मदत करायची घाई अशी की उतावळा नवरा म्हणतात तो हाच. लहानपणी त्यानं प्लास्टिकच्या आगबोटी जोडल्या होत्या. त्या काळी गोंदाशिवाय काही उभंच राहायचं नाही. आमच्या पिढीला गोंद लागत नाही, खटकन बसतो, आणि सांधे हलते ठेवायचे असतात, हे खोक्यातल्या सूचनांच्या कागदात पहिल्याच पानावर लिहिलंय. पण कागद वाचतो तो नवरा कसला? एका दुपारी हात्सुए आंघोळीला गेली, तशी यानं कुठूनशी गोंदाची बाटली काढली आणि माझ्या कोपरात चांगला थेंबभर सोडला. वर फुंकर घातली. मी ओरडलो असतो, पण आमचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

ती ओल्या केसांनी आली. माझा हात वाकवून बघितला. वाकेना. परत बघितलं. मग नाकाशी नेऊन वास घेतला. कारखान्यातली बाई ती, तिला काय सांगावं लागतं?

"चिकटवलात?"

"गळत होता गं सारखा," तोकुजी म्हणाला. "तुला त्रास नको म्हणून."

"मग माझाही चिकटवून टाका ना खांद्यापासून. तोही काही कामाचा नाही."

एवढंच बोलली आणि खोलीत गेली. तोकुजीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग अंगणात जाऊन संत्र्याच्या झाडाच्या फांद्या छाटत बसला. छाटायचा महिना नव्हता तो.

चार दिवस मला कुणी हात लावला नाही. टेबलावर मी उजवा हात ताठ करून, जसा कुणाला थांब म्हणतोय. पाचव्या दिवशी तोकुजीनं चष्मा लावला आणि माझा कागद पहिल्यांदा वाचायला घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटी कोपऱ्यात एक चिठ्ठी छापलेली असते. तुकडा हरवला, मोडला, तर चौकटीचा नंबर लिहून ती कारखान्याला पाठवायची. कारणाच्या रकान्यात लोक लिहितात, हरवला, कुत्र्यानं चावला. तोकुजीनं ठळक अक्षरात लिहिलं, 'नवऱ्यानं न विचारता चिकटवला.' आणि टपालात टाकायच्या आधी चिठ्ठी बायकोला वाचायला दिली.

हात्सुएनं वाचली. ओठ घट्ट मिटून धरले, पण खांदे हलत होते. म्हणाली, "पॅकिंगच्या पोरी भिंतीला लावतील ही."

तीन आठवड्यांनी नवी चौकट आली. पुन्हा पहिल्यापासून नऊ तुकडे. या वेळी तिची अट एकच, म्हाताऱ्यानं बोट लावायचं नाही. तो समोर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तुकडा निसटला की त्याचा खांदा पुढे यायचा, आणि ती नजर वर न करता म्हणायची, "हात." की गडी परत हातांवर बसला. संत्री पिकायला लागली तेव्हा सात तुकडे झाले होते, पांढऱ्या चट्ट्यांसकट, आणि कटर घसरून कोपराशी ओरखडाही पडला होता. आणि एका थंड सकाळी तिनं माझं कोपर टेबलावर टेकवलं, त्यावर उजवा तळवा ठेवला, आणि अंगाचा सगळा भार दिला. खटकन आवाज झाला. मी हात वाकवला. म्हणजे तिनं वाकवला, पण मला वाटलं मीच.

नव्या वर्षाची सकाळ. मिनाको आणि तिचा नवरा आले. टेबलावर सणाच्या जेवणाचे लाखेचे डबे, आणि मधोमध पाकातले काळ्या घेवड्याचे दाणे, तेलकट गोट्यांसारखे चकचकीत. चांगल्या बोटांतूनही सुळकन निसटतात ते. हात्सुएनं मला आपल्या ताटाशेजारी उभं केलं आणि काड्या उचलल्या. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

पहिला दाणा निसटला. दुसरा पाकात पडला. तिसरा काड्यांत आला, थरथरला, आणि राहिला. तिनं तो उचलला, तोंडाकडे न नेता नवऱ्याकडे नेला.

तोकुजीला काय आनंद झाला म्हणता, त्यानं झटकन आपल्या काड्या पुढे केल्या, दाणा घ्यायला.

मिनाको बसल्या जागची अर्धी उठली. आमच्याकडे माणूस जाळल्यावर त्याची हाडं घरचे लोक काड्यांनी उचलतात, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. जेवताना तसं करायचं नाही हे अजाण लेकरालाही ठाऊक असतं.

हात्सुएचा हात हवेत तसाच होता, दाण्यासकट. ती म्हणाली, "थांबा की जरा. माझी हाडं वेचायला अजून वेळ आहे."

तोकुजीनं काड्या खाली ठेवल्या. मग आपला चुन्यानं भेगाळलेला तळवा उघडला, पुढे केला, आणि वाट बघत बसला. घाई केली नाही. तिचा हात हळूहळू येत होता, थांबत, थरथरत, आणि तो तळवा जागचा हलला नाही. दाणा त्यात पडला तेव्हा त्यानं मूठ मिटली, आणि किती तरी वेळ खाल्लाच नाही.

आता मी भाताच्या कुकरशेजारच्या फळीवर असतो. माझा पहिला हात, तो गोंदातला, तोकुजीनं सायकलच्या किल्लीला बांधलाय. परवा मिनाकोचा नवरा म्हणाला, आई, बारीक पॉलिश पेपर आहे माझ्याकडे, हे पांढरे डाग दहा मिनिटांत घालवतो. भला माणूस आहे. हात्सुए काही बोलायच्या आत तोकुजीच म्हणाला, "हात."

तुम्हीही या घरी आलात तर माझी धूळ झटका, वाफ बसते तीही पुसा. शिंगं वाकडी वाटली तर सरळ करा. उजव्या हाताला तेवढं काही करू नका.