एकोणिसाव्या घाण्याचा तागा

झोंगदाचा कापडबाजार एवढा मोठा, की एक माणूस स्वतःच्या लग्नाच्या कोटासाठी अस्तर शोधायला आत शिरला आणि बाहेर आला तो नातवाच्या झबल्याचं कापड घेऊन, असं ग्वांगझौत सांगतात. यातलं अर्धं खोटं आहे. झबल्याचं नव्हतं, टोपड्याचं होतं.

अशा बाजारात थान क्वेइलान एकवीस वर्षं कापड शोधून द्यायचं काम करत होती. शेजारच्या खांगल वस्तीतल्या शिवणकारखान्यांनी हातावर चिंधी ठेवायची, तिने ती मुठीत धरून बाजारात शिरायचं आणि हुबेहूब तसंच कापड घेऊन यायचं. तिच्या नजरेबद्दल लोक काहीबाही बोलत. म्हणे एकदा तिने भिंतीवर पडलेल्या नुसत्या सावलीवरून पडद्याचा रंग सांगितला होता. तीही नाही म्हणायची नाही. नाही म्हटलं तर धंदा कसा चालायचा?

आणि त्याच नजरेने त्या आठवड्यात माती खाल्ली.

यूचनच्या कारखान्यात एका गायनमंडळाच्या तीनशे बायकांसाठी मखमलीची जाकिटं शिवायला घेतली होती. रंग आमसुली. क्वेइलानने आठ तागे आणून टाकले. त्यातले सात एका घाण्याचे, म्हणजे रंगाच्या एकाच कढईतून एका वेळी निघालेले होते आणि आठवा पुढच्या घाण्याचा. आता रंगारी तोच, भुकटी तीच, पाणी तेच, तरी दोन घाण्यांतल्या मखमली कधी सख्ख्या बहिणी होत नाहीत, फार तर चुलत. हे क्वेइलानला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. पण "सगळे एकाच घाण्याचे, सुंदरी," असं दुकानदार (या बाजारात प्रत्येक बाई सुंदरीच) छातीवर हात ठेवून म्हणाला आणि तिने दुकानाच्या दिव्याखाली बघून मान डोलावली. ताग्याच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचला नाही. तागा उजेडात नेला नाही.

आठव्या ताग्याच्या कॉलरी बेतल्या गेल्या. जाकिटं शिवून दांडीला लागली आणि यूचनने तिला बोलावून घेतलं.

"बघा ताई. अंग आमसुलाचं, मान वांग्याची. या बायका रांगेत उभ्या राहिल्या की वाटेल, कुणीतरी तीनशे मुंडकी कापून परत चिकटवलीत."

क्वेइलानने एक जाकीट उचलून खिडकीपाशी नेलं. "वाटेल," ती म्हणाली.

"ट्रक उद्या सकाळी आठला येणार."

"किती लागेल?"

"एक तागा. कॉलरी उसवून नव्या लावू, बाया रात्रभर बसायला तयार आहेत. पण त्याच घाण्याचा हवा. नाहीतर सगळा माल माझ्या गळ्यात, आणि पुढच्या वेळी चिंधी दुसऱ्या कुणाच्या हातात. राग मानू नका."

"राग कसला? तुमच्या जागी मी असते तर आजच दिली असती."

तिने त्या जाकिटाच्या अंगाच्या आतल्या शिवणीतली एक चिंधी कापून मुठीत धरली आणि निघाली.

रंगाऱ्याने फोनवर सांगितलं, एकोणिसाव्या घाण्यातून बारा तागे निघाले. सात क्वेइलानकडे आले होते, म्हणजे पाच भावंडं या जगात कुठेतरी होती. सकाळी साडेदहापर्यंत तिने पाचांचीही कुंडली काढली. दोन फोशानला जाऊन सोफ्यावर चढले होते आणि त्या सोफ्यावर एक लठ्ठ गृहस्थ बसले होते. ते उठायला तयार नव्हते. एकाचे कुत्र्यांचे कोट झाले होते आणि कुत्र्यांची चांगली ऐट चालली होती. एक बोटीत बसून लागोसच्या वाटेला लागला होता. पाचवा छाइकाकांच्या दुकानात होता.

हे ऐकून बाजारातल्या जाणत्यांनी मान हलवली. म्हणाले, त्यापेक्षा लागोसची बोट गाठ.

कारण छाइकाका छाओशानचे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि फळीवरचा शेवटचा तागा ते विकत नसत. फळी रिकामी झाली की नशीब उठून शेजारच्या दुकानात जाऊन बसतं, अशी त्यांची ठाम समजूत. मखमलीच्या फळीवर तेव्हा एकच तागा होता. आमसुली. क्वेइलानने आधी चिठ्ठी वाचली: एकोणीस.

"काका, हा मला द्या."

"बस, सुंदरी. चहा घे."

"उद्या दुपारपर्यंत दुसरा तागा आणून फळी भरून देते."

"चहा घे म्हटलं ना."

छाओशानच्या माणसाकडचा चहा म्हणजे काय सांगावं! कप एवढासा, की चिमणीने चोच बुडवली तर दुसऱ्या चिमणीला थांबावं लागेल. पण तो रिकामा राहू देत नाहीत. आणि त्याचे कायदे आहेत. मालकाने कप बारा आणे भरायचा. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ 'आता निघा'. आणि पाहुणा बसलेला असताना मालकाने उठायचं नाही. उठला तर तीन पिढ्यांचं नाक कापलं जातं.

क्वेइलान परप्रांतातली, हुबेइची. पण एकवीस वर्षांत हे कायदे तिला तोंडपाठ झाले होते. ती बसली.

पहिल्या वीस कपांत हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. पुढच्या विसांत काकांनी गुडघ्याची व्यथा सांगितली. मग ती म्हणाली, "तर तो तागा, काका..." आणि काकांनी शांतपणे तिचा कप काठोकाठ भरला.

समोरच्या दुकानातली बटणवाली हे बघत होती. ती ओरडली, "अगं, भरला! काठोकाठ भरला!"

"बघ ना," क्वेइलान म्हणाली. "काकांचं मन किती मोठं! बाकीचे कसे हात आखडून ओततात." आणि एक थेंब न सांडता पिऊन टाकला.

काकांनी पुन्हा काठोकाठ भरला. तिने पुन्हा प्यायला.

"तुला कळत नाही का गं, की कळत असून कळत नाही?"

"आम्ही हुबेइचे अडाणी, काका. आमच्याकडे भरलेला कप म्हणजे प्रेम."

"फार प्रेम झालं."

"मलाही तेच वाटतंय. ओता."

दुपारी दोनला काकांनी पत्ती बदलली. तीनला बटणवालीने स्टूल आणून दारात मांडलं. चारला झिपवाले, लेसवाले, अस्तरवाले असे पंधरा-वीस जण जमले आणि कोण आधी उठतो यावर पैजा लागल्या. मोजणारे म्हणतात, एकशे ब्याण्णव कप झाले. अर्थात मोजणारे पैज लावणारेच होते.

क्वेइलानच्या ओटीपोटात पर्ल नदीला भरती आली होती. घोट्यावर घोटा घट्ट ठेवून ती बसली होती. डोळ्यांपुढे तीनशे मुंडकी. उठले की तागा गेला, तागा गेला की चिंधी गेली, एवढंच ती मनात घोकत होती. तेवढ्यात तिचं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं. त्यांचेही घोटे एकमेकांना घट्ट चिकटले होते. पाहुणीला एकटीने पिऊ द्यायचं नाही, म्हणून काकांनीही कपाला कप प्यायला होता.

तिने स्वतः किटली उचलली आणि काकांचा कप भरला. अगदी सावकाश, लांब धार धरून, चांगला आवाज येईल अशी.

"थांब," काका म्हणाले.

"काका, चूक माझी होती. चिठ्ठी वाचली नाही, उजेडात बघितलं नाही. माझी चूक यूचनच्या तीनशे जाकिटांच्या मानेवर बसलीय. तुमची फळी एक दिवस रिकामी राहील, हे मला कळतंय. पण मी तागा घेतल्याशिवाय उठणार नाही." आणि धार सोडली.

"अगं, थांबव ती धार!"

"फळीचं काय?"

"फळीवर मी स्वतः आडवा होतो! घे तो तागा, पण आधी ऊठ, म्हणजे मला उठता येईल!"

ती उठली. काका असे गेले, की गुडघ्याची व्यथा मागेच राहिली. पैजवाल्यांत भांडण जुंपलं, कारण आधी उठली तीच, पण तागाही तिच्याच खांद्यावर.

बाजाराच्या दारापर्यंत एक शौचालय उजवीकडे लागतं, एक डावीकडे. क्वेइलान दोन्हींसमोरून पुढे गेली, एकदा दात आवळून, एकदा डोळे मिटून. ऊन अजून अर्धा तास होतं. रस्त्याच्या कडेला तिने तागा टेकवला, हातभर उलगडला आणि मुठीतली चिंधी त्यावर ठेवली. मखमलीची लव दोन्हींची एकाच दिशेला घेतली. एकदा पाठीवर ऊन घेऊन बघितलं, एकदा तोंडावर.

काका मोकळे होऊन मागोमाग आले होते. "माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुमचा शब्द पक्का आहे, काका. दिव्याचा नसतो."

तिने चिंधी सरकवली. मग उचलून पुन्हा ठेवली आणि डोळे बारीक केले. ठेवलेली चिंधी कुठे आहे, हे तिलाच क्षणभर कळेना. हाताने चाचपूनच ती काढावी लागली.

तिने तीनचाकीवाल्याला हाक मारली, तागा नीट गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवला आणि यूचनचा पत्ता दोनदा वदवून घेतला. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. मग बाजाराच्या दारात वाट अडवून उभ्या असलेल्या काकांकडे वळून म्हणाली,

"काका, आता बाजूला व्हा."