बिबट्याशी झुंजलेला बैल

बिबट्या न्हवताच तो. कोल्हं व्हतं. माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलं, तरी माझं कुणी ऐकलं न्हाई. कोल्ह्याला भिडलेल्या बैलाचं कौतुक कोण करतंय?

शिमग्याच्या आधीची गोष्ट. शेजारच्या रानात ऊसतोड चालली व्हती. भर दुपारी गोठ्यात बादल ओरडला. बादल म्हणजे आमचा शर्यतीचा बैल, माझ्या नवऱ्याचा जीव की प्राण. नवऱ्याचं नाव अमृत. तोंडावर अहो-जाहो करते, माघारी अमृतच म्हणते. धावत गेले, तर एक कोल्हं बैलाच्या नाकपुडीला लटकलेलं. माणसाची भीतीच न्हाई त्याला! मी कमरेत फावडं घातलं तरी सोडंना. दुसरं घातलं तेव्हा नाकाचा लचका घेऊनच खाली पडलं अन् मागचे पाय फरफटत उसात शिरलं. बादलच्या नाकातनं रक्ताची धार लागली.

अमृत अन् त्याचा धाकटा भाऊ संपत पळत आले. संपतभावजींनी जखम बघितली अन् मांडीवर थाप मारली.

"दादा, बिबट्या! आपल्या बादलनं बिबट्या पळवला!"

"कोल्हं व्हतं, भावजी. मीच हाणलंय त्याला."

"कोल्ह्याची काय टाप, वहिनी? घाबरला असाल तुमी."

मी घाबरले म्हणे! संध्याकाळपर्यंत बादलचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. खाली लिहिलेलं, 'बिबट्याला पाणी पाजणारा बादल'. पार आळेफाट्यापासनं लोक बघायला यायला लागले. मी अमृतला म्हणाले, "अवो, कोल्हं पिसाळलेलं व्हतं. डॉक्टर बोलवा, बैलाला सुया द्या." तर म्हणतो कसा, "बिबट्या कधी पिसाळतो का? लोक हसतील." एकदा कोल्ह्याला बिबट्या म्हटलं अन् सगळा इलाजच बंद झाला.

सासूबाईंना तेवढं पटलं व्हतं. साळुबाई म्हातारी, पण डोकं ताजं. "पूर्वी कोल्हं डोंगरात ओरडायचं गं," त्या म्हणाल्या. "रानात बाजरी, मटकी. लपायला जागा कुठं व्हती? डिंभ्याच्या धरणाचं पाणी आलं, बारा महिने ऊस झाला, अन् सगळं जंगल आपल्या भिंतीला येऊन टेकलं." खरंच व्हतं ते. त्यात लोक मेलेल्या कोंबड्या कालव्याच्या कडंला फेकतात. मोकाट कुत्री अन् कोल्ही एकाच ताटात जेवतात, एकमेकांना फाडतात. कुत्र्याचं पिसाळणं कोल्ह्यात, कोल्ह्याचं आमच्या गोठ्यात. पण सासूचं अन् सुनेचं ऐकतो कोण!

गाड्यांच्या शर्यतीची यात्रा जवळ आली अन् बादल बिघडला. वैरणीला तोंड लावंना. खुरानं जमीन उकरायचा, दाव्याला हिसके द्यायचा, घोगऱ्या आवाजात सारखा ओरडायचा. अमृत खूश. "मस्तीत आलाय गडी. शर्यतीचा घाट गाजवणार यंदा." मग तोंडातनं लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, पाणी गिळंना. संपतभावजी म्हणाले, उसाचं कांडं घशात अडकलंय. दोघं भाऊ भिडले. एकानं जबडा धरला, दुसऱ्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. काही सापडलं न्हाई. भावजींच्या मनगटाला दाढ घासून रक्त आलं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"साबणानं धुवा! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!" मी किंचाळले.

"वहिनी, तुमी बैलालासुद्धा नजर लावाल," भावजी हसले.

मी अमृतचे पाय धरले. पण त्याच्या लेखी सुई घेतली म्हणजे बैल पिसाळला हे कबूल केल्यासारखं, अन् मग बादलला घाटात कोण उतरू देणार? त्यानं माझे हात झटकले अन् टेम्पो बोलावला.

घाटात तुडुंब गर्दी. हलगी, भंडारा, पोराबाळांचा गोंगाट. बादलचं नाव पुकारलं तशा शिट्ट्या सुरू झाल्या. चौघांनी त्याला गाड्याला जुपायला धरलं, अन् तो उधळला. आधी जोडीचाच बैल फाडला. शिंग पोटात घालून वर उचललं तशी त्याची आतडी मातीत सांडली. जू मोडलं. एका माणसाला तुडवून बादल टेम्पोवर गेला. धाड, धाड, कपाळ आपटत राहिला. एक शिंग मुळासकट उखडलं तरी थांबंना. बाया पोरं उचलून पळाल्या. कुणीतरी ओरडलं, "पिसाळलाय! मारा!" अन् मघाशी शिट्ट्या मारणाऱ्यांनीच दगड उचलले. पहारी आल्या, कुऱ्हाडी आल्या. गुडघे टेकेपर्यंत मारला त्याला.

तेवढ्यात अमृत गर्दी फोडून आत घुसला. हातात पाण्याची बाटली, डोळ्यांत पाणी. "सोडा रं! मरताना पाणी तरी घालू द्या लेकराला!" त्यानं बादलचं फेसाळलेलं तोंड मांडीवर घेतलं अन् जबड्यात बोटं घातली. त्याच बोटांवर दोरीचे ताजे कापे व्हते.

मोडलेल्या जुवाची शिवळ माझ्या पायाशी पडली व्हती. बैलाची मान अडकवायची ती लोखंडी सळई. मी उचलली.

"मागं व्हा!"

त्यानं बघितलंसुद्धा न्हाई. मी सगळा जोर लावून त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज साऱ्या घाटानं ऐकला. तो कोलमडला. लोक मला शिव्या घालायला लागले, कैदाशीण म्हणाले, कुणीतरी झिंज्या धरल्या. घाला म्हटलं शिव्या. मोडलेला हात घेऊन माणूस घरी बसत न्हाई, दवाखान्यात जातो.

घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, तशा त्यांनी आधी सुया काढल्या. दोघा भावांना लगेच टोचल्या अन् पुढच्या तारखा दिल्या. अमृत माझ्याशी बोलत न्हवता. तरी प्रत्येक तारखेला मी त्याला गाडीवर घालून घोडेगावला नेलं.

भावजी पुढच्या सुयांना आले न्हाईत. बैल गेला त्या दुःखात पार बुडाले व्हते. विचारलं की म्हणायचे, "घेतली, वहिनी, घेतली. मला काय चावलाय का तो? नुसती दाढ लागली." मला खोटं कळत व्हतं. दोनदा त्यांच्या दारात जाऊन भांडले, आईबापाचा उद्धार केला. भावजी खाली मान घालून हसायचे. बिनलग्नाचा माणूस, स्वतःच्या खोलीत राहणारा. दीर पडला तो. त्याच्यावर हात कसा टाकायचा?

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस त्यांच्या हातातनं चहाचा कप उडाला. घसा आवळला, डोळे बाहेर आले. संध्याकाळी पंख्याचा वारासुद्धा सोसंना. तहानेनं "पाणी, पाणी" करायचे अन् तांब्या दिसला की भिंतीवर डोकं आपटायचे. स्वतःचे ओठ चावून त्यांनी चिंध्या केल्या. हॉस्पिटलात चार माणसांनी धरून पलंगाला बांधलं. सासूबाई जवळ गेल्या तर त्यांच्यावर थुंकले, अन् दुसऱ्याच क्षणी लहान पोरासारखे रडले, "आई, लांब हो गं, मला आवरत न्हाई." तसेच बांधलेले गेले.

त्यांना जाळून आलो. अमृत ओट्यावर बसला. प्लास्टर निघालं व्हतं, पण मनगट वाकडंच बसलंय. किती तरी वेळ तो त्या मनगटाकडं बघत व्हता. घाटातल्या त्या दिवसापासनं आज पहिल्यांदा तो माझ्याशी आपणहून बोलला.

"वृषाली," तो म्हणाला, "त्याचाबी हात मोडायचा व्हतास गं."